हर्षलाची हत्यारं

दसऱ्याच्या पूजेसाठी बंद केलेला दवाखान्याचा सर्व्हर हर्षलाने सकाळी चालू केला, पण डेटाबेस काही केल्या सुरू होईना. खोपोलीतल्या दोनशे डायलिसिस पेशंटच्या नोंदी असलेली डिस्कच जागेवर नव्हती. तिने बॅकअपच्या डिस्कचा खण उघडला. तोही रिकामा! बाहेर पेशंट खोळंबलेले.

तेवढ्यात सफाईवाल्या सोनुबाई मावशी आल्या. हातात हळदीकुंकू लावलेल्या दोन्ही डिस्क. "घाबरू नको गं. सगळ्यांची हत्यारं पाटावर मांडली, मंग तुजीच कशी ऱ्हातील? मीच नेली व्हती पूजेला."

हर्षलाच्या जिवात जीव आला.


"आन् तशीच नाय पुजली, आधी दोनी बादलीत बुडवून लख्ख घासली!"