पाठमोरी

“उजेड सुरेख पकडलात, काकू. पण हात खोटा वाटतो.”

डेल्फिनने चष्मा पुसून अभिप्राय पुन्हा वाचला. हौशी छायाचित्रकारांच्या ऑनलाइन गटात लोक एरवी नुसते अंगठे आणि फुलं पाठवत. ‘छायाप्रेमी’ नाव घेतलेला हा माणूस नवाच आला होता, पण नीट समजावून सांगत होता.

फोटोत हिरव्या लुगड्यातली एक पाठमोरी बाई वाडीत केळीचं पान कापत होती. उजव्या हातात विळा. उन्हाची तिरीप नेमकी विळ्यावर पडावी म्हणून डेल्फिननेच तिला तशी उभी केली होती.

“विळा डाव्या हातात द्या,” छायाप्रेमीने लिहिलं होतं. “मग बघा बाई कशी जिवंत वाटते.”

डेल्फिन मागच्या दारी आली. हेमांगी पाटावर बसून बोंबील साफ करत होती. डेल्फिन बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिली. सुरी डाव्या हातात होती.

“काय झालं, बाय?”

“काही नाही गं. माणसाची नजर मोठी तिखट आहे.”

ईस्टरनंतर चर्चच्या सिस्टरांनी हेमांगीला भुईगावात डेल्फिनकडे आणून सोडलं होतं. नवऱ्याने, अल्पेशने, तिच्या मानेवर तापलेली इस्त्री टेकवली होती. पुढच्या वेळी तोंडावर टेकवीन, म्हणाला होता. पोलिसांत तक्रार झाली तसा तो फरार झाला. तेव्हापासून तो हिला शोधत होता. फोटो काढायला हेमांगी एकाच अटीवर तयार झाली होती. चेहरा दिसता कामा नये, जागा कळता कामा नये. डेल्फिनने तसा शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी डेल्फिन पहाटेच बाहेर पडली, ती उन्हं तापल्यावर परतली. संध्याकाळी तिने नवा फोटो टाकला. पाठमोरी बाई, तेच हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, विळा डाव्या हातात.

“आता कसं!” छायाप्रेमीचं लगेच उत्तर आलं. “पण मागचं सगळं धूसर केलंत. बाई हवेत उभी असल्यासारखी वाटते. माणूस त्याच्या जागेसकट दाखवावा, काकू.”

“बरोबर आहे तुमचं. अजून शिकतेय,” डेल्फिनने लिहिलं. “आमच्या लहानपणी पापडी गावच्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा. नाताळात वडील आम्हा सगळ्या भावंडांना बैलगाडीतून न्यायचे. फोटोवाला काळ्या कापडाखाली शिरायचा आणि आतून ओरडायचा, ‘हालू नका! चेहरा इकडे!’ आम्ही श्वास रोखून धरायचो.”

“फार गोड आठवण,” छायाप्रेमी म्हणाला. “पण पडद्याचे दिवस गेले. खरी जागा दाखवा.”

पुढच्या फोटोत विहीर आली, ओटीचा कोपरा आला. “अजून जरा मागे जा,” तो म्हणाला. डेल्फिन मागे गेली. मग गल्लीच्या तोंडाशी असलेला खुरूसच, आळीचा क्रूस, फोटोत आला. पांढरा चुना दिलेला, झेंडूचा हार घातलेला. चौथऱ्यावर आळीतल्या कुटुंबांची नावं कोरलेली, खाली गावाचं नाव.

“शंभर नंबरी!” छायाप्रेमीने लिहिलं. “अक्षरंसुद्धा वाचता येतात.”

तो फोटो शेजारच्या पास्कलनेही पाहिला. मोबाइल हातात घेऊनच तो कुंपणापाशी आला.

“डेल्फिन, डोकं फिरलं काय तुझं? खुरूस दाखवलास? आता घराची चावी पण टपालाने पाठव!”

“चूक सांगणाऱ्याचं ऐकावं, पास्कल. त्याशिवाय हात सुधारत नाही.”

“तुझा हात सुधारेल, त्या पोरीचा जीव जाईल! आहे कुठे ती? दिसली नाही दोन-चार दिवस.”

“असेल आत. तू तुझ्या केळींना पाणी घाल.”

“म्हातारपणी कॅमेरा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत,” पास्कल पुटपुटला. डेल्फिनने भिंगावरची धूळ फुंकरली आणि झाकण लावलं.

त्या दिवशी छायाप्रेमीची शेवटची सूचना आली. “उद्या संध्याकाळचा कोवळा उजेड वापरा. बाईला खुरसाच्या चौथऱ्यावर बसवा, रस्त्याकडे पाठ करून. तुम्ही मात्र लांबून घ्या. जवळ आलात की बिचारी अवघडते.”

“उद्याच घेते,” डेल्फिनने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. उन्हं कलली तेव्हा हिरव्या लुगड्यातली बाई चौथऱ्यावर येऊन बसली, रस्त्याकडे पाठ करून. डाव्या हातात विळा. डेल्फिन बरीच लांब, चिंचेखाली उभी राहिली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

वळणावर एक मोटरसायकल थांबली. माणसाने हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. चपला गाडीपाशीच सोडल्या आणि अनवाणी पुढे निघाला. चालताना तो हसत होता.

पास्कल ओटीवरून किंचाळला, “डेल्फिन! अगं, तिला हाक मार!”

डेल्फिन जागची हलली नाही.

माणूस चौथऱ्यापाशी पोचला. त्याने त्या पाठमोऱ्या बाईच्या मानेवर हात ठेवला आणि हलकेच बोटं आवळली.

“चल, हेमांगी. पुष्कळ झाले फोटो.”

विळा खाली पडला. बाईने वळून त्याचं मनगट पकडलं, उजव्या हाताने, आणि पकड घट्ट होती. तिचा चेहरा त्याने जन्मात पाहिला नव्हता. तिच्या दुसऱ्या हातात बेडी होती.

“हेमांगी डावखुरी आहे हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, अल्पेश,” चिंचेखालून डेल्फिन म्हणाली आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावला. “हालू नका. चेहरा इकडे.”