पट वीस, हजर वीस

"मनकर्णा पुंजाजी तायडे."

शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी सातवीच्या हजेरीपटावरचं अठरावं नाव घेतलं आणि देवराव मास्तरांनी फळा पुसायला घेतला. मागच्या बाकावरून, शिकवलं होतं तसंच, बेताच्या आवाजात उत्तर आलं, "हजर जी."

साहेबांनी मान वर केली नाही. पेन्सिलीनं खूण करून पुढचं नाव घेतलं. मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं मानेवरचा घाम टिपला.

हजर म्हणाली ती भागीरथा होती. मनकर्णेची धाकटी बहीण, इयत्ता चौथी. खरी मनकर्णा नऊ दिवसांपूर्वी तापानं गेली होती.

तपासणीच्या दिवशी गैरहजर पोरांच्या जागी त्यांची भावंडं बसवायची ही रीत काही देवराव मास्तरांनी काढलेली नव्हती. त्यांच्या आधीच्या हेडमास्तरांपासून ती या शाळेत बिनबोभाट चालत आली होती. पण ती कापूस वेचणीला गेलेल्या पोरांसाठी. मेलेल्या पोरीच्या जागी कुणाला बसवायची पाळी आजवर आली नव्हती, आणि मास्तरांना त्याची लाज वाटत होती.

पण करता काय? पट विसाच्या खाली गेला की पुढल्या सालापासून सातवीचा वर्ग बंद, असा शाळा चालवणाऱ्या जनपद सभेचा कागदच येऊन पडला होता. मनकर्णेचं नाव कमी केलं की उरत होते एकोणीस. वर्ग गेला की वलगावची शाळा, म्हणजे जायला तीन कोस आणि यायला तीन कोस. मुलगे गेलेही असते. पोरींना कोण धाडतंय! हेच सांगायला मास्तर मनकर्णेच्या आईच्या, दुर्गाबाईच्या दारात गेले, तेव्हा त्यांची मान वर होईना. दुर्गाबाईनं भागीरथेला पुढं केलं.

"न्या जी गुरुजी. एक तर गेली माही. हे तरी सातवी शिकन."

"हजर म्हन आन् चूप बस," एवढंच मास्तरांनी पोरीला बजावलं होतं.

हजेरी संपली. पट वीस, हजर वीस. साहेब पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस खडूस असता तर मास्तरांना त्याला फसवणं सोपं गेलं असतं. हा बिचारा पोरांना घाबरू नका म्हणत होता. वाचन रडतखडत पार पडलं. इतिहासात सगळा वर्ग गारद झाला. भूगोलात एकानं तापी नदी पूर्वेला नेऊन सोडली. साहेबांनी चष्मा काढून हातात घेतला.

"हेडमास्तर, वीस डोकी बसवून वर्ग टिकत नाही. काही यायलाही हवं. एक तोंडी हिशेब घालतो. तोही कुणाला आला नाही, तर मला तसं लिहावं लागेल."

"हो साहेब."

"एका बाईनं दिवसाला साडेबारा शेर कापूस वेचला. सहा बायांनी किती वेचला?"

पोरांनी माना खाली घातल्या. कुणी बोटं मोजू लागलं, कुणी नुसते ओठ हलवू लागलं. मास्तर एकेकाच्या तोंडाकडे आशेनं पाहत होते. मागच्या बाकावर नजर टाकायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

"एक मन पस्तीस शेर."

"कोण ते? उभी राहा बाळ."

भागीरथा उभी राहिली. थोरल्या बहिणीचं पोलकं तिच्या खांद्यावरून घसरत होतं.

"सातवीच्या मानानं फार लहान दिसते," साहेब म्हणाले.

"खायाप्यायचे हाल हायेत साहेब," मास्तर घाईनं म्हणाले.

"नाव काय तुझं?"

पोरीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले.

"मनकर्णा," ती म्हणाली.

"कसं काढलंस उत्तर?"

"मायसंग येचाले जातो जी. रोज मोजतो."

चाळीस शेरांचा मण, हिशेब बरोबर होता. साहेब मनापासून हसले. शेरेबुक मागवून घेऊन त्यांनी तिथंच, उभ्यानं लिहिलं: वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही. कु. मनकर्णा तायडे ही विद्यार्थिनी विशेष हुशार असून शिष्यवृत्तीस पात्र आहे. खाली सही केली, तारीख घातली. "मार्चात शिष्यवृत्तीच्या परीक्षेला अमरावतीच्या केंद्रावर मी स्वतः असेन," निघताना ते म्हणाले. "या पोरीला माझ्यासमोर आणून उभी करा."

साहेबांची बैलांची दमणी वलगावच्या वाटेला लागेपर्यंत मास्तर हात जोडून उभे होते. आत येऊन त्यांनी शेरेबुक पुन्हा वाचलं. वर्ग वाचला होता. आणि मनकर्णेचं नाव पटावरून कमी करायची सोय आता उरली नव्हती. साहेबांच्या सहीनिशी ती हुशार ठरली होती. मार्च यायला चार महिने होते.

वर्ग रिकामा झाला होता. मागच्या बाकावर भागीरथा तेवढी अजून बसून होती. तिला ऊठ म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"जाय बाई घरी," मास्तर म्हणाले. "मायले सांग, सातवीचा वर्ग राह्यला."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून थांबली.

"आन् कोन हुशार निंगाली म्हनून सांगू जी?"