सरांचं अक्षर

‘मी ताट फेकलं.’ सरांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी बायकोला दिसेल अशी धरली.

“मी ताट फेकलं,” ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली.

पडद्यावरच्या समुपदेशक ताईंनी चष्मा वर सरकवला. “कुणावर?”

सरांनी पाटी पुसली. मार्कर कुरकुरला. ‘नवऱ्यावर. तो काहीच बोलला नव्हता.’

“नवऱ्यावर. ते काहीच बोलले नव्हते.”

ताट सरांनीच फेकलं होतं. तिच्या भुवईवरचा व्रण अजून हाताला लागत होता. राग असा उसळला की तिने दात आवळून तो आतच दाबून धरला.

सर सत्तेचाळीस पोरांचे गणित-विज्ञानाचे क्लास घेत. घर म्हणजे त्यांचा अठ्ठेचाळिसावा विद्यार्थी, असं ते हसत हसत सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिला चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडायला लावली. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, “मी पोरीला घेऊन आईकडे जाते.” ते शांतपणे म्हणाले, “जा की. पण आधी डोकं तपासून घे. वेड्या आईच्या हाती पोर कोण देतं?” दुसऱ्याच दिवशी त्यांनी ऑनलाइन समुपदेशन ठरवलं. आठवड्याला एक अशा सहा बैठका, मग लेखी अहवाल. तो अहवाल वकिलाकडे जाणार होता.

बैठकीच्या दिवशी मुलगी आजीकडे, म्हणजे सरांच्या आईकडे. “नीट बोललीस तर संध्याकाळी आणतो,” सर म्हणत. चौथ्या बैठकीत ती एक वाक्य गाळून गेली, तर पोरगी तीन दिवस आजीकडेच राहिली.

म्हणून ती वाचत गेली. सर लॅपटॉपच्या बाजूला, खिडकीच्या कोपऱ्यात उभे राहत. कॅमेऱ्यात येणार नाहीत, एवढं पहिल्या दिवशी मोजून-मापून बघितलं होतं त्यांनी. फक्त तिच्या खुर्चीवर बसून पडदा बघितला नव्हता. शिकवणारा माणूस बाकावर बसून फळा कशाला बघेल?

प्रत्येक बैठकीआधी ती ओल्या फडक्याने खुर्चीमागचं कपाट पुसत असे. आईने दिलेलं कपाट. दार धड लागत नव्हतं, वीतभर उघडंच राहायचं.

“आज शेवटचा दिवस, आज तरी राहू दे,” मघाशी सर हसले होते. “कपाट चकाचक आणि संसाराचा उकिरडा! त्या बाई काय तुझं कपाट बघायला बसल्यात?”

तिने फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं.

“मी दर वेळी विचारते, आजही विचारते,” पडद्यावरच्या ताई म्हणाल्या. “खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?”

“तुम्हाला दिसतंय ना, ताई,” ती म्हणाली. दर वेळी हेच म्हणायची. सरांना ते उत्तर आवडायचं. साधं, बायकी.

“बरं. शेवटचं विचारते. मुलीबद्दल काही सांगायचंय?”

सरांनी याच प्रश्नासाठी पाटी स्वच्छ करून ठेवली होती. सावकाश, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं.

तिने वाचलं. तोंड उघडलं. हे म्हणायचं? देवाशपथ, या जन्मात नाही.

सरांनी मार्करने पाटीवर टकटक केलं. डोळे वटारले. मग बोटाने दाराकडे, आजीच्या घराच्या दिशेने खूण केली.

तिने ओठ घट्ट मिटले.

“राहू द्या,” ताई म्हणाल्या. “मीच वाचते. ‘मी लेकीलाही मारते. ती मला घाबरते.’ बरोबर ना, सर?”

सरांच्या हातातला मार्कर खाली पडला.

“अक्षर मात्र सुंदर हं तुमचं. उलटं वाचायला पहिल्या आठवड्यात जरा अडखळले. आता सवय झाली. सहाही बैठकांतलं तुमचं लिखाण मी शब्दन् शब्द उतरवून घेतलंय. अहवालाला तेच जोडणार आहे. आणि बाई, तुमच्या भावाला मी कळवलं होतं, ते आत्ता आजींच्या दारात पोचलेत. मुलगी त्यांच्याजवळ आहे.”

सर गर्रकन कपाटाकडे वळले. वीतभर उघड्या दाराच्या आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला नाही. लॅपटॉपचा पडदा दिसला. आणि पडद्यावरच्या ताई चष्म्यातून थेट त्यांच्याकडे बघत होत्या.

“अगं, हे… हे काय नाटक…” सरांनी घाईघाईने तळहातानेच पाटी पुसायला घेतली. शाई बोटांना लागली, शर्टाच्या बाहीला लागली.

ती उठली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्या खुर्चीपाशी ती पाटीकडे न बघता थेट सरांशी बोलली.

“पाटी काय पुसताय आता? सहा आठवडे मी आरसा पुसत होते.”