अजून हळू

चालू सर्किट बोर्डाचा संगणकाशी बोलायचा वेग मध्येच बदलता येतो का, ते ती तपासत होती. शेजारच्या खाटेवर आजारी बाबा पडले होते.

पडद्यावर उमटलं, ‘अजून हळू.’

हे काही तिने कोडमध्ये लिहिलं नव्हतं. म्हणतंय तर म्हणू दे, म्हणून तिने वेग निम्मा केला. पुन्हा तेच. आणखी निम्मा. असं कितीतरी वेळा.

“पोरी... दम... पुरत नाही गं.”

बाबांची छाती बोर्डाच्या दिव्याबरोबर हळूहळू वरखाली होत होती.

तिने झटकन बोर्डाची वीज तोडली, तरी दिवा लुकलुकतच राहिला. जुन्या वेगावर परतायची कमांड तिने घाईघाईने पाठवली. पण बोर्डाला आता फक्त संथच ऐकू येत होतं. मिनिटाला एक अक्षर जात होतं.

“बाबा, जरा धीर धरा.”

बाबांनी श्वास सोडला. अजून चार अक्षरं जायची होती.