निरोपाचा हार

घाटाचा उतार लागला आणि मुरकर ड्रायव्हरच्या पायाखालचा ब्रेक भसकन तळाला गेला.

इलेक्ट्रिक बस येणार म्हणून आगाराने याच बसला हार घालून, नारळ फोडून निरोप दिला होता. नव्या गाड्या लांबल्या आणि भंगारात निघालेली ही पुन्हा रस्त्यावर आली. सुकलेला हार अजून काचेवर लटकत होता.

मुरकरांनी खटाखट गिअर खाली आणले. बस डोंगराला घासत थांबली.

"काय झालं, मुरकरदादा?" कंडक्टर सुर्वेबाईंनी विचारलं.

"देवानं राखलं. उतरवा सगळ्यांना."

फोनवर आगारातले साहेब म्हणाले, "घाबरू नका, दुसरी पाठवतो."

तासाभरानं वरच्या वळणावरून दुसरी बस उतरताना दिसली, तशी माणसं सामान घेऊन रस्त्यावर धावली. तिच्याही काचेवर सुकलेला हार होता.

"बाजूला व्हा!" मुरकर किंचाळले.