पाच मिलिमीटर

ऋजुतानं सांगितलेली स्पोकची लांबी पाच मिलिमीटरनं कमी होती. मी चाकाची रिम आणि मधला हब स्वतः मोजून पुन्हा पुन्हा गणित केलं, पण उत्तर बदललं नाही.

आमच्या दोघींच्या सायकलींची पुढची चाकं अगदी सारखी, आणि दोघींनी ती घरीच बांधायचं ठरवलं होतं. तिचं आधी झालं, म्हणून लांबी तिलाच विचारली. आता वाटलं, रविवारच्या घाटातल्या शर्यतीत मला पाडायला याहून सोपी युक्ती नाही. आखूड स्पोक उतारावर नटातून निसटतात आणि चाक कोलमडतं. मी तिला काहीच बोलले नाही. माझ्या मापाचे स्पोक आणून चाक बांधलं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती सायकलवरून माझ्या घरी आली. ती चहा घेत असताना मी हळूच तिचं चाक पाहिलं. सगळ्या स्पोकचे आटे नटात पुरेसे न शिरता बाहेर उघडे दिसत होते, म्हणजे तिचेही स्पोक आखूडच. तिनं मला फसवलं नव्हतं, तिचं गणितच चुकलं होतं.

"अगं, या चाकावर घाट उतरू नकोस. स्पोक आखूड आहेत."

तिनं कप खाली ठेवला. "आदल्या दिवशी चाक उघडायला लावतेस? वा गं! मला काय दूधखुळी समजलीस?"

"मग माझं घे."

मी माझ्या सायकलचं पुढचं चाक काढून तिच्यापुढे धरलं. तिनं हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"याला काय केलंयस?"