पट्ट्याला न कळलेलं
हालचाल मोजणारा कमरेचा पट्टा मावशींनी पुसून संशोधक मुलीच्या हातात दिला. संगणकावर आलेख उघडून मुलगी हसली. "मावशी, नेम म्हणजे नेम हं तुमचा! तीन महिन्यांपूर्वीचा आठवडा आणि हा, दोन्ही सारखेच. रोज दहाला उपचारकेंद्राचे तीन जिने, तितकीच पावलं, तितकीच ऊर्जा." मावशी म्हणाल्या, "तेव्हा पाठीवर लेक असायची गं. तिला चालता येत नव्हतं. गेल्या महिन्यात देवाने नेली. तरी पाय त्या वेळेला निघतातच. तिथल्या पोरांचे पाय चोळून येते." मुलीने पुन्हा आलेखाकडे पाहिलं. "पट्ट्याला पावलं कळतात, पाठीवरचं वजन कळत नाही. किती होतं तिचं? तेव्हाची ऊर्जा वाढवून लिहिते." "चौदा किलो." मग मावशींनी तिचा हात धरला. "नको, राहू दे. आहे तेच बरोबर. जिना चढताना पाठीवर अजून तेवढंच वजन असतं."